मूत्राशयाचा सांगाडा आणि रक्ताची वाट

प्रयोगशाळेत त्वचा वाढवता येते. त्वचा सपाट आणि पातळ. पोकळ अवयव घडवणं त्याहून कितीतरी अवघड. म्हणून आज मूत्राशय.

पाठीचा कणा जन्मतः नीट न मिटलेल्या, म्हणजे स्पायना बायफिडा झालेल्या काही मुलांत मज्जातंतूंचा ताबा सुटतो आणि मूत्राशय आखडून ताठ होत जातं. थोडी लघवी साठली तरी आतला दाब चढतो आणि त्याची झळ मूत्रपिंडांना बसते. रूढ उपाय म्हणजे आतड्याचा तुकडा काढून मूत्राशयाला जोडणं. त्यानं जागा वाढते, मूत्रपिंडं वाचतात. पण आतड्याचा स्वभावच शोषून घेण्याचा. लघवीतून टाकून दिलेली आम्लं ते पुन्हा रक्तात ओढतं, वर चिकट स्राव सोडतं. खडे होतात ते वेगळेच.

बोस्टनच्या बालरुग्णालयात डॉ. अँथनी अटाला यांनी दुसरी वाट धरली. मुलाच्याच मूत्राशयाचा छोटा तुकडा घ्यायचा, त्यातल्या स्नायूपेशी आणि अस्तराच्या पेशी वेगळ्या करून वाढवायच्या. मग मूत्राशयाच्या आकाराच्या, शरीरात विरघळणाऱ्या सांगाड्यावर बाहेरून स्नायूपेशी आणि आतून अस्तराच्या पेशी पेरायच्या. तुकडा काढल्यापासून साधारण सात आठवड्यांत हे कलम शिवून बसवलं जाई. 4 ते 19 वर्षांच्या सात रुग्णांचे निष्कर्ष 2006 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. कोलॅजेन आणि पॉलिग्लायकोलिक आम्ल यांचा मिश्र सांगाडा वापरून, त्याभोवती पोटातला चरबीचा पडदा गुंडाळला, तिथे निकाल सर्वांत चांगले होते.

तो पडदा मला या साऱ्या प्रयोगातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. त्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहून दूर असलेल्या पेशीला प्राणवायू जेमतेम पोहोचतो. रक्त वेळेत आलं नाही तर पेरलेल्या पेशी मरतात, तिथे व्रणाची ऊती भरते आणि कलम आक्रसतं. ज्या ताठरपणासाठी शस्त्रक्रिया केली, तोच परत येतो.

‘प्रयोगशाळेत अवयव तयार झाला’ अशा बातम्या तेव्हा जगभर छापल्या गेल्या. मात्र याच पद्धतीची पुढची चाचणी स्पायना बायफिडाच्या दहा मुलांवर झाली, तिचे निष्कर्ष 2014 साली आले. मूत्राशयाची क्षमता किंवा लवचीकपणा लक्षणीय वाढला नव्हता आणि गंभीर दुष्परिणाम मान्य मर्यादेबाहेर गेले होते. हे अपयश त्या पहिल्या यशाइतक्याच ठळकपणे सांगायला हवं. आशेनं डॉक्टरांकडे येणाऱ्या आईवडिलांना ते कळण्याचा हक्क आहे. शिवाय कलम उत्तम जुळलं तरी मज्जातंतू दुरुस्त होत नाहीत. दिवसातून अनेकदा नळी घालून लघवी काढणं सुटत नाही.

संशोधन थांबलेलं नाही. शिकागोत अरुण शर्मा आणि गिलेर्मो अमीर यांनी सायट्रिक आम्लापासून केलेल्या लवचीक सांगाड्यावर अस्थिमज्जेतल्या पेशी पेरून बबून माकडांत मूत्राशय वाढवून पाहिलं. त्यातल्या काही पेशींचं कामच नव्या रक्तवाहिन्यांना चालना देण्याचं आहे. माणसासाठी मात्र शस्त्रक्रियेच्या टेबलावर आजही आतड्याचाच तुकडा वापरला जातो.