जमीन तापत नाही तेव्हा

कोरियातील माणूस पादत्राणे काढून घरात शिरतो, जमिनीवर बसतो आणि पुष्कळदा जमिनीवरच अंथरूण घालतो. ही रीत आपल्या ओळखीची आहे. परंतु सेऊलचा हिवाळा पारा शून्याखाली दहा अंशांपर्यंत नेणारा. तेथे उघड्या जमिनीवर निजणे शक्य होते, ते जमीनच तापविलेली असते म्हणून. काश्मीरमधील हमामात दगडी फरशीखाली लाकडे जाळतात. कोरियातील ‘ओन्दोल’ त्याच जातीचा होय. चुलीचा धूर फरशीखालच्या पोकळ्यांतून खेळवून पलीकडच्या धुराड्यातून सोडून देत. विसाव्या शतकात लाकडाच्या जागी दगडी कोळशाच्या भोके पाडलेल्या वड्या आल्या. त्यांच्यापासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड फरशीच्या भेगांतून वर येई आणि झोपेतच माणसांचे प्राण घेई. पुढे धुराऐवजी ऊन पाणी खेळविण्याची पद्धत रूढ झाली. आज तेथील बहुसंख्य घरांत फरशीखाली नळ्या पुरलेल्या असतात आणि पुष्कळ ठिकाणी घरातलाच गॅसचा बॉयलर त्यांतील पाणी तापवितो.

अशा घरात एखाद्या सकाळी जमीन गार लागली, की पहिला दोष बॉयलरला दिला जातो. तो नेहमीच खरा नसतो. हे पाणी बंद वाटेने फिरते: बॉयलर, पंप, खोल्याखोल्यांना पाणी वाटून देणारी तोट्यांची रांग, फरशीखालच्या नळ्या आणि पुन्हा बॉयलर. बिघाड शोधावयाचा तर याच वाटेने जावे.

प्रथम न्हाणीघरातील गरम पाण्याचा नळ सोडून पाहावा. पाणी गरम येत असेल, तर ज्योत पेटते आहे; अडचण जमिनीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. नळही गारच असेल, तर वीज, गॅस आणि बॉयलरला होणारा पाणीपुरवठा यांकडे वळावे. भिंतीवरील नियंत्रकही पाहावा. त्यावर ‘केवळ गरम पाणी’ किंवा ‘घराबाहेर’ अशा खुणा असतात, आणि त्यांपैकी एखादी चुकून दाबली गेल्यानेही जमीन थंड पडते.

एकच खोली गार असेल, तर त्या खोलीची तोटी बंद आहे काय ते पाहावे. तोटी उघडी असूनही ऊब येत नसेल, तर नळीत हवा अडकलेली असण्याचा संभव असतो. ती हवा सोडण्याच्या तोटीतून बाहेर काढतात. सर्वच खोल्या कोमट असतील, तर परतीच्या वाटेवरील गाळणीत गाळ साचला असेल, किंवा पंप मंदावला असेल. कित्येकदा दोष वाटपाचा असतो. पाणी आखूड, सोप्या वाटेने अधिक वाहते आणि लांबची खोली उपाशी राहते. अशा वेळी जवळच्या तोट्या थोड्या आवळाव्या लागतात.

याशिवाय धीरही हवा. नळ्यांवर सिमेंटचा जाड थर असल्यामुळे जमीन तापावयास काही तास लागू शकतात. अर्ध्या तासात नियंत्रक वर चढविणाऱ्यास पुढे उकाडा सोसावा लागतो. कडाक्याच्या थंडीत वीज तोडून घर सोडणेही हिताचे नाही. बॉयलरमधील गोठण टाळणारी योजना विजेवरच चालते.

इथपर्यंतची तपासणी घरच्या माणसाने करावी. ज्वलन आणि धूर बाहेर नेणारी नळी यांचा प्रांत मात्र जाणकाराचा. डिसेंबर 2018 मध्ये कोरियातील गांगनुंग येथे एका निवासस्थानी उतरलेल्या दहा शाळकरी मुलांपैकी तिघे मृत्यू पावले; बॉयलरची धूरनळी सांध्यातून निसटलेली होती. जुन्या ओन्दोलचा विषारी वायू फरशीखालून गेला, तरी बॉयलरपाशी तो उरलाच आहे. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखू लागणे, मळमळणे, घेरी येणे ही त्याची लक्षणे होत. घरातील सर्वांना ती एकदमच जाणवली, तर ती सर्दी समजू नये. गॅस बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर पडून मदत बोलवावी.

2020 पासून कोरियात नव्या गॅस बॉयलरसोबत या वायूची सूचना देणारे यंत्र बसविणे बंधनकारक झाले. बंद खोलीत गॅसचा गीझर किंवा कोळशाची शेगडी पेटविणाऱ्या आपल्याकडील घरांनाही तोच धोका आहे. जमीन गार राहिली तर एक रात्र कांबळे पांघरून निभावता येते. धूरनळी निसटली असेल तर ती रात्र निभावेलच असे नाही.