जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्सची निवड : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील नवशिक्या वापरकर्त्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

विंडोज १० या संगणक प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील प्रोसेसर आवश्यक ठरविण्यात आला आहे. परिणामी २०१७ पूर्वीचे बहुतेक लॅपटॉप चालू स्थितीत असूनही या प्रणालीच्या अधिकृत कक्षेबाहेर राहिले. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात हा प्रश्न घरगुती अर्थकारणाचा आहे. येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा पहिला लॅपटॉप पुष्कळदा मोठ्या भावाने वापरून झालेला किंवा एखाद्या कार्यालयाने मोडीत काढल्यावर दुरुस्त होऊन आलेला असतो. ज्या गावाने ‘मेड इन यूएसए’मधील यूएसएचा अर्थ विनोदाने ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावला, तेथे यंत्र केवळ जुने झाले म्हणून टाकून दिले जात नाही. अशा यंत्रासाठी लिनक्स हा विनामूल्य व कायदेशीर पर्याय आहे. मात्र तो निवडताना कोणत्या गोष्टी आधी पाहाव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यंत्राची पारख

लिनक्स हा मुळात प्रणालीचा गाभा होय. लिनस टोरवाल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये प्रथम प्रसृत केला. या गाभ्याभोवती निरनिराळी साधने जोडून जे संच तयार होतात त्यांना डिस्ट्रिब्युशन, व्यवहारात डिस्ट्रो, असे म्हणतात. असे संच शेकड्यांनी उपलब्ध असल्यामुळे नवशिका गोंधळतो आणि पडद्याचे देखणेपण पाहून निवड करतो. वस्तुतः निवडीचा आरंभ यंत्रापासून व्हावयास हवा.

प्रोसेसर ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा, हे प्रथम तपासावे. येथे एक चूक वारंवार होते. जुन्या लॅपटॉपवर ३२ बिटची विंडोज असली म्हणजे प्रोसेसरही ३२ बिटचाच, असे गृहीत धरले जाते. २००६ नंतरच्या कोअर टू ड्युओसारख्या प्रोसेसरांत ६४ बिटची क्षमता असते. विंडोजच्या ‘सिस्टीम टाइप’ या नोंदीत प्रणाली व प्रोसेसर यांचा स्वतंत्र उल्लेख सापडतो. खरोखरच ३२ बिटचे यंत्र असेल तर पर्याय वेगाने आटत आहेत. डेबियन या जुन्या व प्रतिष्ठित संचानेही ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीपासून अशा यंत्रांसाठी स्थापनेची सोय बंद केली.

त्यानंतर रॅम पाहावी आणि हार्ड डिस्क फिरत्या तबकडीची असल्यास ती बदलून एसएसडी बसवावी. कोणता डिस्ट्रो घ्यावा यावर जेवढी चर्चा होते, तेवढी या एका बदलावर होत नाही. प्रत्यक्षात जुन्या यंत्राचा मंदपणा सर्वाधिक कमी होतो तो यानेच.

डिस्ट्रोची निवड

चार जीबी रॅम असलेल्या यंत्रासाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती सर्वांत सोयीची ठरते. खाली डावीकडे मेन्यू, घड्याळ उजवीकडे, अशी तिची मांडणी विंडोजच्या सवयीला धक्का देत नाही. मिंट २२ ही मालिका २०२४ मध्ये आली असून तिला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. दोन जीबीच्या यंत्रावर मिंट चालते, पण रडतखडत. तेथे एलएक्सक्यूटीवर आधारित लुबुंटू अधिक हलके पडते. मात्र त्याच्या दीर्घकालीन आवृत्तीलाही साहाय्य तीनच वर्षे मिळते. ३२ बिटच्या यंत्रासाठी अँटीएक्स हा पर्याय उरतो. नवशिक्याने तो जाणकाराच्या मदतीशिवाय घेऊ नये. सी-डॅकने विकसित केलेला ‘बॉस’ हा संच भारतीय भाषांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. परंतु अडचण आल्यास विचारावयाचे कोणाला, या कसोटीवर मिंट सरस ठरते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील मराठी पाठही आरंभी उपयुक्त आहेत.

हलका डिस्ट्रो घेतला म्हणजे सर्वच हलके होते, असे मात्र नाही. ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की दोन जीबी रॅम कोणत्याही प्रणालीत अपुरीच पडते.

मराठी लेखन व व्यावसायिक मर्यादा

खरी कसोटी पुढेच आहे. युनिकोडमधील मराठी लिनक्सवर नीट दिसते, इनस्क्रिप्ट कळफलकही प्रणालीसोबतच मिळतो. अडचण येते ती जुन्या दस्तऐवजांची. श्रीलिपीसारख्या साधनांच्या पूर्वीच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर बसविलेली असत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर, मग प्रणाली कोणतीही असो, निमंत्रणपत्रिका किंवा प्रकल्प-अहवाल अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग होऊन समोर येतो. म्हणून विंडोज पुसण्यापूर्वी अशा फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करून, जोडाक्षरे व रफार डोळ्यांखालून घालणे अनिवार्य आहे.

टॅली प्राइम हे विंडोजसाठीच बनलेले असल्याने जीन्सच्या कारखान्याचे हिशेब ज्या लॅपटॉपवर आहेत, तो बदलू नये हेच श्रेयस्कर. झेरॉक्स व डीटीपीच्या दुकानांत सर्रास आढळणारा कॅनन एलबीपी २९०० हा प्रिंटर लिनक्सशी जुळविणेही कटकटीचे आहे. एचपीचे अनेक प्रिंटर त्या मानाने सहज चालतात.

हे सर्व स्थापनेपूर्वीच पडताळता येते. डिस्ट्रो पेन ड्राइव्हवर घेऊन लॅपटॉप त्यावरून सुरू केल्यास हार्ड डिस्कला हात न लावता प्रणाली चालविता येते. या अवस्थेत वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि मराठी टंकलेखन तपासावे. ब्रॉडकॉमची वाय-फाय चिप असलेल्या काही जुन्या यंत्रांत इंटरनेट प्रथम जोडले जात नाही. तेव्हा मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट घ्यावे आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून आवश्यक तो ड्रायव्हर उतरवावा.