व्यवसायोपचारातील अध्यापन आणि संशोधन : एका शैक्षणिक वाटेची ओळख

१. प्रस्तावना

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प निवडायची वेळ आली की दर वर्षी दोन-तीन गट तरी माझ्याकडे 'दिव्यांगांसाठी उपकरण' हा विषय घेऊन येतात. कोणाला सेन्सरचा हातमोजा करायचा असतो, कोणाला डोळ्यांच्या हालचालीवर चालणारी खुर्ची. मी त्यांना एकच प्रश्न विचारतो : हे वापरणाऱ्या माणसाचा सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा दिवस तुम्हाला माहीत आहे का?

या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर शोधणारी एक स्वतंत्र विद्याशाखा आहे. तिचे नाव ऑक्युपेशनल थेरपी, मराठीत व्यवसायोपचार. बारावीनंतर वैद्यकीय प्रवेशाच्या यादीत हे नाव बहुतेकांनी वाचलेले असते. पण त्यात शिक्षक किंवा संशोधक म्हणून आयुष्य घालवता येते, हे फार थोड्यांना माहीत असते.

या पाठाची उद्दिष्टे :
(अ) व्यवसायोपचार म्हणजे काय, हे एका घरगुती उदाहरणातून समजून घेणे.
(आ) भारतात या शाखेचे शिक्षण कसे सुरू झाले ते पाहणे.
(इ) यातील संशोधन कसे चालते, हे दोन प्रत्यक्ष अभ्यासांवरून पाहणे.
(ई) शैक्षणिक कारकिर्दीचे टप्पे, अडचणी आणि इतर शाखांना असलेली संधी समजून घेणे.

२. 'व्यवसाय' या शब्दाचा अर्थ

रोजच्या मराठीत व्यवसाय म्हणजे धंदा किंवा पेशा. त्यामुळे व्यवसायोपचार म्हणजे 'नोकरी मिळवून देणारा उपचार' असा गैरसमज होतो. संस्कृतात मात्र व्यवसाय म्हणजे निश्चय, ठरवून केलेला प्रयत्न. हा जुना अर्थ येथे अधिक जवळचा आहे. माणूस दिवसभरात जे जे अर्थपूर्ण काम करतो ते सगळे या शाखेच्या दृष्टीने 'व्यवसाय' : स्वतःची काळजी (आंघोळ, जेवण, कपडे घालणे), उत्पादक काम (शाळा, नोकरी, स्वयंपाक, शेती) आणि विरंगुळा (भजन, पत्ते, फिरणे).

आजार, अपघात, जन्मजात व्यंग, मानसिक विकार किंवा म्हातारपण यांमुळे ही कामे अडली, तर ती पुन्हा जमावीत यासाठी माणसाला, कामाच्या पद्धतीला किंवा आजूबाजूच्या परिस्थितीला बदलणे, हे व्यवसायोपचाराचे कार्य होय. भौतिकोपचार (फिजिओथेरपी) ही जवळची शाखा आहे. ढोबळ फरक असा : भौतिकोपचाराचा भर हालचालीवर असतो, व्यवसायोपचाराचा भर त्या हालचालीतून होणाऱ्या कामावर.

एक व्यावहारिक सूचना : रुग्णालयात 'ओटी' म्हटले की बहुतेकांना ऑपरेशन थिएटर आठवते. संदर्भ पाहून अर्थ घ्यावा.

३. कृतीचे विश्लेषण : पोळी लाटणे

या शाखेचे मूलभूत हत्यार म्हणजे कृतीचे विश्लेषण. उदाहरण म्हणून पक्षाघातातून सावरणारी, उजवा हात अशक्त झालेली एक गृहिणी घेऊ. तिला पोळ्या करायच्या आहेत. या एका कामात काय काय लागते?

• शरीर : दोन्ही हातांचा एकाच वेळी आणि सारख्या जोराने वापर, मनगट सरळ ठेवण्याची ताकद, लाटण्यावरची पकड, उभे राहण्याचा किंवा पाटावर बसण्याचा तोल.
• संवेदना : कणीक किती सैल आहे हे बोटांना कळणे, तव्याची धग जाणवणे. संवेदना गेली असेल तर भाजल्याचे कळतही नाही.
• बोधन : क्रम लक्षात ठेवणे, एक पोळी तव्यावर असताना दुसरी लाटणे, म्हणजे दोन कामांत लक्ष विभागणे.
• परिस्थिती : ओट्याची उंची, जागा, उजेड, घरात मदतीला कोण आहे.
• अर्थ : 'माझ्या हातची पोळी' याला त्या घरात काय स्थान आहे?

शेवटचा मुद्दा भावनिक वाटला तरी तो उपचाराची दिशा ठरवतो. तिला पोळ्याच करायच्या असतील तर सराव त्याच कामाचा हवा. स्वयंपाक सोडून आता शिवणकाम करायचे असेल तर सगळी योजना बदलते. म्हणून व्यवसायोपचार तज्ज्ञ आधी 'तुम्हाला काय करायचे आहे?' हे विचारतो, आणि 'तुम्हाला काय झाले आहे?' हे त्यानंतर.

यातून संशोधनाचा एक मोठा विषय समोर येतो. दैनंदिन कामांची क्षमता मोजण्याच्या बहुतेक प्रसिद्ध मोजपट्ट्या पाश्चात्त्य देशांत तयार झाल्या. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला बार्थेल निर्देशांक १० बाबी तपासून १०० पैकी गुण देतो आणि तो आजही जगभर वापरात आहे. हाताच्या विकारांसाठीच्या 'डॅश' या ३० प्रश्नांच्या प्रश्नावलीत सुरीने अन्न कापता येते का, असा प्रश्न आहे. पण हाताने भात कालवून खाणे, जमिनीवर मांडी घालून बसणे, उकिडवे बसून शौचाला जाणे, साडी नेसणे यांचे काय? प्रश्नावलीचे नुसते भाषांतर पुरत नाही. ती आपल्या जगण्याला लागू पडते का, दोन तपासनिसांचे गुण जुळतात का, रुग्ण सुधारला की गुण खरोखर वाढतात का, हे सिद्ध करावे लागते. मराठी, हिंदी, संथाळी अशा प्रत्येक भाषेत हे काम करण्यासारखे आहे आणि ते त्या भाषेचा माणूसच नीट करू शकतो.

४. भारतातील सुरुवात

आधुनिक व्यवसायोपचाराची संघटना १९१७ मध्ये अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे स्थापन झाली. भारतातील शिक्षणाची सुरुवात मुंबईची. कमला निंबकर (१९००–१९७९) या जन्माने अमेरिकन; माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या भारतात आल्या. वयाच्या चाळिशीत त्यांनी अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना स्थापन झाली आणि त्या तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्याच वर्षी व्यवसायोपचारतज्ज्ञांचा जागतिक महासंघ उभा राहिला. त्याच्या दहा संस्थापक सदस्य देशांत भारत होता. पुढे १९५८ मध्ये नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण सुरू झाले. फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेला त्यांचेच नाव आहे.

निंबकरांच्या कामाचा क्रम लक्षात घ्या : आधी शाळा, मग संघटना, मग जागतिक मान्यता. एक तज्ज्ञ आयुष्यात मोजक्याच रुग्णांपर्यंत पोहोचतो, तर एक शिक्षक प्रत्येक तुकडीबरोबर पुढच्या तीस वर्षांच्या रुग्णांपर्यंत पोहोचतो. अध्यापनाचे महत्त्व सांगायला याहून वेगळा युक्तिवाद लागत नाही.

दिल्लीत आयटीओजवळ विष्णू दिगंबर मार्गावर पंडित दीनदयाळ उपाध्याय राष्ट्रीय शारीरिक दिव्यांगजन संस्था आहे. तेथील व्यवसायोपचाराची पदवी दिल्ली विद्यापीठाशी संलग्न आहे. (रस्त्याला नाव गायनाचार्य पलुस्करांचे, हे मराठी विद्यार्थ्यांना सहज लक्षात राहील.) जामिया हमदर्द विद्यापीठातही हा अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्रात केईएम, शीव, नायर, हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था, नागपूर ही जुनी केंद्रे होत. देशात इतरत्र वेल्लोर, मणिपाल, कटकजवळील ओलतपूर आणि कोलकाता ही महत्त्वाची ठिकाणे आहेत.

५. संशोधन कसे चालते : दोन उदाहरणे

उदाहरण १. लॉस एंजेलिस येथे साठ वर्षांवरील, स्वतंत्र राहणाऱ्या ३६१ ज्येष्ठांवर एक अभ्यास झाला. तो फ्लॉरेन्स क्लार्क आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. सहभागींची चिठ्ठ्या टाकल्यासारखी, यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागणी केली. पहिल्या गटाला नऊ महिने व्यवसायोपचार मिळाला. दुसऱ्याला फक्त एकत्र जमून करायचे करमणुकीचे कार्यक्रम. तिसऱ्याला काहीच नाही. पहिल्या गटाचे आरोग्य, कार्यक्षमता आणि जीवनमान बऱ्याच मापांवर अधिक चांगले राहिले.

येथे दुसरा गट कशासाठी? तो नसता, तर कोणीही म्हणाले असते की म्हाताऱ्या माणसांना सोबत मिळाली, म्हणून ती बरी राहिली. त्यात शास्त्र कसले? दुसऱ्या गटालाही सोबत होती, तरी त्याला तसा फायदा झाला नाही. म्हणजे परिणाम सोबतीचा नव्हता. योग्य तुलनागट निवडणे हे संशोधकाचे निम्मे काम असते.

उदाहरण २. आपल्याकडे पक्षाघातानंतर पुनर्वसन सेवा मिळणे अवघड, पण घरची माणसे शुश्रूषेला असतात. मग त्यांनाच शिकवले तर? हा विचार कोणालाही पटण्यासारखा आहे. 'अटेंड' नावाच्या चाचणीत भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवर तो तपासला गेला. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला : सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्वाचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, सुमारे ४७ टक्के.

असा निष्कर्ष म्हणजे अपयश नव्हे. 'प्रशिक्षित तज्ज्ञांऐवजी घरच्यांना थोडे शिकवले की भागेल' या गृहीतकावर सरकारने पैसा खर्च करण्याआधी थांबायला हवे, हे त्याने दाखवले. आता पुढचे प्रश्न उभे राहतात : प्रशिक्षण कमी पडले का? मोजमाप फार ढोबळ होते का? रुग्ण परावलंबी राहिला तरी घरच्यांचा भार हलका झाला का? पदव्युत्तर प्रबंधाला विषय मिळत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी अशा निष्कर्षांची शेवटची दोन पाने वाचावीत.

माणसांवरील प्रत्येक संशोधनाला संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आणि सहभागीची समजून-उमजून दिलेली संमती लागते. उपचाराची चाचणी असेल तर २००७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदवहीत आधी नोंद करायची असते.

६. कारकिर्दीचे टप्पे

(१) पदवी : बारावी विज्ञान (जीवशास्त्रासह) नंतर चार वर्षे व इंटर्नशिप. महाराष्ट्रात प्रवेश नीटद्वारे होतो. जागतिक महासंघाच्या किमान निकषांनुसार शिक्षणकाळात प्रत्यक्ष रुग्णांसोबत किमान १,००० तास काम व्हावे लागते. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यामुळे नियम बदलत आहेत; म्हणून प्रवेशपद्धती आणि इंटर्नशिपचा कालावधी त्या त्या वर्षीच्या अधिकृत पत्रकातच पाहावा.

(२) नोंदणी : राज्य परिषदेकडे. दिल्लीत यासाठी १९९७ चा स्वतंत्र कायदा आहे. महाराष्ट्रातही परिषद आहे.

(३) पदव्युत्तर : दोन वर्षे, मज्जासंस्था, अस्थि-स्नायू, बालविकास, मानसिक आरोग्य अशी विशेष क्षेत्रे आणि प्रबंध. अध्यापनाची दारे येथून उघडतात.

(४) पीएचडी : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन वर्षे आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा.

शिक्षकाचा दिवस दोन भागांत विभागलेला असतो : बाह्यरुग्ण विभाग आणि वर्ग. रुग्णासमोर विद्यार्थ्याला शिकवणे हे सर्वांत कठीण. विद्यार्थ्याने चुकत शिकावे लागते, आणि त्याच्या चुकीची झळ रुग्णाला बसता कामा नये. म्हणून शिक्षक आपला विचार मोठ्याने बोलून दाखवतो : 'मी आता खांदा आधी का पाहिला?' प्रयोगशाळेतले यंत्र बिघडले तर आम्ही अभियंते ते बंद करून पुन्हा चालू करतो. येथे ती सोय नाही.

अडचणीही सांगायला हव्यात. महाविद्यालये थोडी, म्हणून अध्यापनाच्या जागा थोड्या. स्वतःचे उपचारकेंद्र चालवणाऱ्याची कमाई अनेकदा शिक्षकापेक्षा जास्त असते. परदेशातील मागणी चांगल्या पदवीधरांना ओढून नेते. रुग्णांच्या गर्दीत संशोधनाला वेळ काढणे अवघड जाते. ज्याला तत्काळ पैसा हवा त्याने ही वाट धरू नये. ज्याला एकच प्रश्न वर्षानुवर्षे धरून ठेवायला आवडतो, त्याला ती मानवेल.

७. इतर शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी

अभियांत्रिकी, मानसशास्त्र किंवा संख्याशास्त्राची पदवी घेऊन कोणी व्यवसायोपचार तज्ज्ञ होऊ शकत नाही. उपचार करायचे तर त्या शाखेची पदवी आणि नोंदणी हवीच. पण संशोधनात भागीदार नक्की होता येते. आयआयटी दिल्लीतील असिस्टेक गटाने अंधांसाठी केलेली 'स्मार्टकेन' काठी ध्वनिलहरींनी गुडघ्यावरचे अडथळे ओळखते, जे साध्या पांढऱ्या काठीला सापडत नाहीत. आयआयटी मद्रासच्या पुनर्वसन संशोधन केंद्राने उभे राहण्याची सोय असलेली चाकाची खुर्ची केली.

अशा कामात व्यवसायोपचाराची गरज किती, ते एका आकड्यावरून कळते. १९९३ मध्ये फिलिप्स आणि झाओ यांनी अमेरिकेत २२७ प्रौढांचा अभ्यास केला. त्यांना मिळालेल्या सहायक उपकरणांपैकी २९.३ टक्के पूर्णपणे टाकून दिलेली आढळली. यामागचे एक ठळक कारण म्हणजे निवड करताना वापरणाऱ्याचे मत विचारात न घेणे. उपकरण चालत होते, पण माणसाच्या दिवसात त्याला जागा नव्हती. हातमोज्याचा सेन्सर बोटांचा कोन अचूक सांगेल. ती बाई पोळी करील की नाही, हे सांगणार नाही. त्यासाठी तिच्या स्वयंपाकघरात उभे राहून पाहणारा भागीदार हवा.

८. सारांश

• व्यवसायोपचाराचा विषय अर्थपूर्ण दैनंदिन कृती हा आहे. कृतीचे विश्लेषण हे त्याचे मूळ साधन.
• भारतात त्याचे शिक्षण १९५० मध्ये केईएम, मुंबई येथे कमला निंबकर यांनी सुरू केले.
• संशोधनात तुलनागट, योग्य मोजमाप आणि नैतिकता हे तीन आधार. प्रतिकूल निष्कर्षही मोलाचे.
• भारतीय जीवनपद्धतीला व भाषांना साजेशा मोजपट्ट्या हे मोठे, मोकळे क्षेत्र.

९. स्वाध्याय

१. बादलीतून तांब्याने आंघोळ करणे या कृतीचे विभाग ३ प्रमाणे विश्लेषण करा.
२. लॉस एंजेलिसच्या अभ्यासात तिसरा गट वगळला असता तर कोणता निष्कर्ष काढता आला नसता?
३. 'अटेंड' चाचणीच्या पुढे जाणारा, तुमच्या जिल्हा रुग्णालयात करता येईल असा एक संशोधनप्रश्न एका वाक्यात लिहा.
४. तुमच्या घरातील किंवा शेजारील एखाद्या वापरात नसलेल्या सहायक उपकरणाविषयी संबंधित व्यक्तीची परवानगी घेऊन माहिती मिळवा. ते बाजूला का पडले, याची कारणे उपकरण, माणूस आणि परिस्थिती अशा तीन रकान्यांत मांडा.