चिखलोलीचं घर, बदलापूरची गाडी

अंबरनाथहून बदलापूरकडे जाताना गेली काही वर्षं रस्त्याकडेला एकाच आशयाचे फलक दिसतात : चिखलोली स्टेशनपासून पाच मिनिटांवर. खाली बाल्कनीत चहा पिणारं जोडपं, मागे हिरवा डोंगर. स्टेशन अजून व्हायचं आहे. कल्याण ते बदलापूर तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेच्या प्रकल्पात ते धरलेलं आहे, कामही हाती घेतलेलं आहे. पण या ओळी लिहिताना तिथे लोकल थांबत नाही. तरीही घर विकणारा त्या स्टेशनापासूनची मिनिटं सांगतो आणि घर घेणारा ती मनात धरून घरी जातो.

या पट्ट्यात घराचे पैसे दोन वेळा भरावे लागतात. एकदा रुपयांत, एकदा मिनिटांत. रुपयांचा करारनामा होतो, त्याची नोंदणी होते, बँक त्यावर कर्ज देते. मिनिटांचा कागद कुठेच होत नाही. म्हणूनच हा लेख मिनिटांबद्दल आहे.

चिखलोलीच्या नावातच चिखल आहे. हे भाताचं गाव. मागे मलंगगडाची रांग, पायथ्याशी चिखलोलीचं छोटं धरण, ज्याचं पाणी अंबरनाथच्या काही भागाला मिळतं. शेजारच्या अंबरनाथचं शिवमंदिर इ. स. १०६० चं, शिलाहारांच्या काळातलं. कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १२ मे १८५६ रोजी सुरू झाला, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडी धावली त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत. बदलापूरला तेव्हापासून रेल्वे आहे. चिखलोलीच्या शेतांतूनही तेव्हापासूनच गाडी जाते. ती तिथे थांबावी असं मात्र दीडशे वर्षांत कुणाला वाटलं नाही, कारण उतरायला माणूस नव्हता.

माणूस आला तो टप्प्याटप्प्याने. अंबरनाथला विम्कोचा काडेपेटीचा कारखाना आला. आज तिथे काडेपेटी बनत नाही, पण 'विम्को नाका' हे नाव रिक्षावाल्यांच्या तोंडी कायम आहे. १९५३ मध्ये आयुध निर्माणी सुरू झाली. त्याआधी, फाळणीनंतर, कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरले होते आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये तिचं उल्हासनगर झालं. बदलापूरचं नशीब पालटलं ते नंतर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत लालबाग-परळची कितीतरी कुटुंबं दहा बाय बाराची खोली विकून मध्य रेल्वेच्या रुळांबरोबर पुढे पुढे सरकली. आधी डोंबिवली, मग कल्याण, मग बदलापूर. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. अंबरनाथ तेव्हा अडीच लाखांवर होतं. त्यानंतरच्या वाढीची साक्ष संध्याकाळी साडेसातला बदलापूरच्या पुलावर उभं राहिलं की मिळते. दोन शहरांच्या मध्ये उरलेली मोकळी जमीन म्हणजे चिखलोली. आता बांधकाम तिथे आलं आहे.

हिशेब सरळ मांडू. सीएसएमटीपासून अंबरनाथ साधारण ६० किलोमीटर, बदलापूर ६८. जलद लोकलनेही बदलापूर गाठायला सव्वा ते दीड तास जातो. घर ते स्टेशन, स्टेशन ते कचेरी हे धरलं की एकेरी दोन तास कुणाचेच चुकत नाहीत. दिवसाचे चार तास, वर्षाचे ३०० कामाचे दिवस : १,२०० तास. म्हणजे वर्षातले पूर्ण ५० दिवस, रात्रीसकट, माणूस रस्त्यात असतो. हे आकडे मी प्रथम कागदावर मांडले तेव्हा पेन बाजूला ठेवून थोडा वेळ बसलो होतो. आता उलट बाजू पाहा. चिखलोलीला गाडी थांबू लागली आणि प्रत्येक खेपेला नुसती दहा मिनिटं वाचली, तरी वर्षाला १०० तास हाती येतात. मुलाचा अभ्यास, आईचं औषधपाणी, आपली झोप, यांतलं काहीतरी त्या १०० तासांत बसेल. स्टेशनची मागणी लोकांनी इतकी वर्षं का लावून धरली ते यावरून कळावं.

मिनिटांचा हा हिशेब कामाच्या वेळेपुरता नाही. खरी गंमत आणि खरी दमणूक आहे ती बाजारहाटात.

जुन्या बदलापूरकरांनी 'खरेदीला जाणं' असं वेगळं फारसं केलंच नाही. खरेदी वाटेत व्हायची. दादरला उतरून फुलं, कापड आणि लग्नाचा बस्ता, ठाण्याला चष्मा, कल्याणला भांडी. भाजी दादरच्या पुलाखालून किंवा कल्याणच्या फलाटाबाहेरून घ्यायची आणि गाडीत निवडायची. बायकांच्या डब्यात हे आजही दिसतं. ठाणं गेलं की मांडीवर वर्तमानपत्र पसरतं, त्यावर मेथीची जुडी सुटते, देठं एका पिशवीत, पानं दुसरीत. डोंबिवलीपर्यंत मेथी संपते, मग शेजारीण आपल्या गवारीतली मूठभर पुढे करते. बदलापूर येईपर्यंत उद्याच्या डब्याची तयारी झालेली असते. प्रवासाचा वेळ वाया जातो असं म्हणणाऱ्याने हा डबा पाहिलेला नाही. आणि यात फार आनंद आहे असं म्हणणाऱ्याने त्या बाईला विचारलेलं नाही.

मोठ्या खरेदीचं गाव उल्हासनगर. निर्वासितांनी शून्यातून उभी केलेली ही बाजारपेठ आज कर्जत-कसाऱ्यापर्यंतच्या माणसांना पुरते. साड्या आणि कपड्यांना गजानन मार्केट आणि जपानी बाजार, कॅम्प पाचकडे जीन्स शिवणारे, आणि नव्या घराचा पलंग-कपाट घ्यायला फर्निचर बाजार. चिखलोलीत घराची किल्ली मिळाली की पहिल्या रविवारी कुटुंब तिकडे जातं. अंतर आठ-दहा किलोमीटर. दुपारी दोनला निघालं तर वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तोच रस्ता संध्याकाळी सातला घेतला तर तास लागू शकतो, गणपतीच्या आदल्या रविवारी त्याहून जास्त. कल्याण-बदलापूर रस्ता एकच. त्यावर कारखान्यांचे ट्रक, शाळेच्या बस, शेअर रिक्षा आणि सगळ्यांच्या दुचाक्या.

गेल्या दहा-बारा वर्षांत काटई-बदलापूर रस्त्याने आणखी एक ओळख या भागाला दिली. काटई नाक्यावरून शिळफाटा, तिथून नवी मुंबई. पलावाचा मॉल या वाटेवर, पुढे तुर्भ्याला डिसेंबर २०२० मध्ये उघडलेलं आयकिया. नव्या सोसायट्यांतली तरुण जोडपी आता मॉलला किती वेळ लागतो हे आधी विचारतात. त्यात वावगं काही नाही. मात्र सवय बदलली हे लक्षात घ्यायला हवं. रेल्वेवर वाढलेलं गाव आता मोटारीवर वाढू पाहतं आहे आणि मोटारीसाठी ते आखलेलं नाही. बदलापुरात पूर्वेकडून पश्चिमेला जायला मुख्य आधार एका उड्डाणपुलाचा. पुलावर गाडी बंद पडली की दोन्हीकडचं गाव थांबतं. घरापासून दूध, औषध आणि डॉक्टर चालत किती मिनिटांवर आहेत, हा प्रश्न मॉलच्या आधी विचारावा असं मी घर शोधणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. मॉलला महिन्यातून एकदा जायचं असतं. बाळाला ताप रात्री अडीचला येतो.

माझ्या मावसबहिणीबरोबर मी तिच्या घरशोधणीत सहा रविवार फिरलो. एका विक्री कार्यालयात मधोमध काचेखाली संकुलाची प्रतिकृती होती, आत इवले दिवे लागलेले. भिंतीवर नकाशा. नकाशात संकुल ते भावी स्टेशन अशी सरळ लाल रेघ. आम्ही बाहेर पडलो आणि ती रेघ चालायला लागलो. पाचव्या मिनिटाला नाला लागला. वळसा घालून, चिखल तुडवत, रुळांच्या जवळ पोचायला बावीस मिनिटं लागली. बहीण एवढंच म्हणाली, "पावसाळ्यात दादा, ऑफिसची साडी नेसून?" तिथलं घर आम्ही घेतलं नाही. खोटं कुणी बोललं नव्हतं. स्टेशन झालं, नाल्यावर पूल झाला, रस्ता झाला, तर पाच मिनिटंच लागतील. पण तोवरची वर्षं कुणाच्या खात्यावर?

इथली घरं एका ठरावीक मापाची का असतात यालाही कारण आहे. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी साधारणपणे ५ टक्के. मात्र घर 'परवडणारं' या व्याख्येत बसलं तर १ टक्का. मुंबई महानगर प्रदेशासाठी ती व्याख्या अशी : चटई क्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण ६४५ चौरस फूट, आणि किंमत ४५ लाखांपर्यंत. दोन्ही अटी एकत्र पाळायच्या. बांधणारे त्या चौकटीत घर बसवतात, कारण घेणाऱ्याचा जीव तेवढाच. त्याआधीपासून पंतप्रधान आवास योजनेत व्याजावर २ लाख ६७ हजारांपर्यंत सवलत मिळत होती, तिच्या जोरावरही या भागात कितीतरी पहिली घरं उभी राहिली. ती सवलत मार्च २०२२ मध्ये थांबली. बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते, हे मात्र अजूनही पुष्कळांना माहीत नसतं.

स्पर्धा दोन्ही बाजूंनी आहे. पालेगावपासून कात्रपपर्यंत इतके प्रकल्प चालू आहेत की बांधणारे एकमेकांवर चढाओढ करतात; दसरा-पाडव्याला नोंदणी केली तर स्वयंपाकघराचं सामान मोफत, मुद्रांक शुल्क आमच्याकडे, असं काय काय. घेणाऱ्यांत वेगळी घाई. स्टेशन झालं की भाव वर जातील, आत्ताच घ्या, ही भीती रोज ऐकवली जाते. ३० लाखांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलं तर हप्ता महिना २६ हजारांच्या आसपास बसतो आणि परतफेड साडेबासष्ट लाखांच्या घरात जाते. इतक्या मोठ्या निर्णयाला आठवडाभराची मुदत देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. महारेरा १ मे २०१७ पासून आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक तिच्या संकेतस्थळावर टाकला की मंजूर नकाशे आणि ताबा देण्याची तारीख घरबसल्या दिसते. फलकावरचं क्षेत्रफळ आणि तिथलं चटई क्षेत्र शेजारी शेजारी लिहून पाहावं. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागावं. ते मिळाल्यानंतर पहिल्यांदा विकलेल्या घरावर जीएसटी लागत नाही, आणि ते नसलेल्या इमारतीत राहायला गेलेल्यांचे हाल मी जवळून पाहिले आहेत.

नकाशात न दिसणाऱ्या गोष्टी आणखी आहेत. चिखलोली-मोरिवलीला रासायनिक कारखाने आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये मोरिवलीच्या एका कारखान्यातून निघालेला वायू अंबरनाथभर पसरला होता, लोकांचे डोळे चुरचुरत होते. अंबरनाथचा कचरा चिखलोलीकडे येऊ लागला तेव्हा तिथल्या संकुलांतल्या रहिवाशांना हरित लवादापर्यंत जावं लागलं. घर पाहायला रविवारी सकाळी जाऊ नये. पाऊस थांबलेल्या दिवशी रात्री दहाला जावं आणि खिडकी उघडून पाच मिनिटं उभं राहावं. बदलापूर पश्चिमेला स्वस्त वाटलं तर उल्हास नदीची पूररेषा विचारावी. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाची. २६ जुलै २००५ विसरायला नको, आणि २७ जुलै २०१९ सुद्धा. त्या दिवशी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं.

आणि पाणी. बारवी धरण बदलापूरच्या कुशीत आहे, पण त्याचं पाणी औद्योगिक महामंडळामार्फत ठाणे-मीरा-भाईंदरपर्यंत जातं. इथल्या नळाला किती तास येतं हे सोसायटीच्या पहारेकऱ्याला विचारावं. तो खरं सांगतो.

स्टेशन मात्र व्हायलाच हवं, आणि लवकर. ठाणे-ऐरोलीमधलं दिघा गाव स्टेशन बांधून तयार होतं तरी काही महिने कुलूपबंद राहिलं आणि १२ जानेवारी २०२४ ला उघडलं. रुळांपलीकडच्या लोकांनी तोवर रोज तिकडे पाहत ऐरोलीची वाट धरली. चिखलोलीत तसं होऊ देता कामा नये. फलाटाबरोबरच दोन्ही बाजूंना उतरणारा पादचारी पूल, रिक्षांना जागा, नाल्यावरचा रस्ता आणि भाजीवाल्यांना ओटे आजच आखले पाहिजेत. बदलापुरात हे सगळं माणसं आल्यावर सुचलं, आणि तोवर जागा उरली नव्हती.

मावसबहिणीने शेवटी चिखलोलीतच घर घेतलं, नाल्याच्या अलीकडे. सातवा मजला, रुळांच्या बाजूला बाल्कनी. संध्याकाळी अंबरनाथ सुटलं की ती दाराकडे सरकते. अंधारात आपली इमारत दिसते, सातव्या मजल्यावरचा पिवळा दिवा दिसतो, कधी तर बाल्कनीत उभा असलेला मुलगाही. तेवढ्यात ती फोन लावते आणि म्हणते, "कुकर लाव." गाडी न थांबता पुढे जाते. बदलापूरला उतरणं, पूल चढणं, रिक्षाच्या रांगेत उभं राहणं, मग त्याच रस्त्याने उलटं येणं. ती दार ढकलते तेव्हा कुकरची वाफ केव्हाच उतरलेली असते.