आधी तारीख, मग वास, मग घोट

कॅलिफोर्नियातल्या रशियन रिव्हर ब्रूइंग कंपनीची ‘प्लायनी द एल्डर’ ही अमेरिकेतली एक अतिशय नावाजलेली आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. तिच्या बाटलीचे लेबल गिऱ्हाइकाला अक्षरशः दम भरते: थंड ठेवा, ताजी प्या, मुरवत ठेवू नका. गंमत अशी, की ज्या बिअरच्या नावातच ‘इंडिया’ आहे, ती दोनशे वर्षांपूर्वी लंडनहून निघून, केप ऑफ गुड होपला वळसा घालून, चार-सहा महिन्यांनी मुंबई-कलकत्त्याच्या धक्क्याला लागायची. तोवर ती छान मुरलेली असे आणि तेच तिचे भूषण होते. आज इंडिया पेल एल चाखायची आणि तिला गुण द्यायचे, तर ही उलटापालट आधी समजून घ्यावी लागते. आताच्या आयपीएचा जीव तिच्या सुगंधात आहे, आणि सुगंध सगळ्यांत आधी उडतो.

जुनी कथा बहुतेक बारच्या मेन्यूकार्डावर छापलेली असते. गोऱ्या साहेबांची बिअर वाटेत नासायची, म्हणून हॉजसन नावाच्या एका हुशार ब्रूअरने तिच्यात भरपूर हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी बोंडे, घालून आयपीए शोधून काढली, अशी ती कथा. ऐकायला गोड आहे, पण तिला पुरावा नाही. बिअरचा इतिहास लिहिणारे मार्टिन कॉर्नेल यांनी जुनी कागदपत्रे आणि जाहिराती उपसून ती खोडून काढली. फिकट रंगाची एल हॉजसनच्या आधीपासून हिंदुस्थानात येत होती. गरम देशांत पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालावेत हे इंग्लंडच्या ब्रूअरांना १७६० च्या दशकातच ठाऊक होते. शिवाय काळीभोर पोर्टर बिअरही तोच प्रवास करून धडधाकट पोहोचत होती. साधे शिपाई तीच पोर्टर पीत. पेल एल ही अधिकाऱ्यांची आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या कारकुनांची चैन होती. जॉर्ज हॉजसनचे खरे भांडवल म्हणजे जागा आणि उधारी. १७५२ मध्ये सुरू झालेली त्याची बो ब्रूअरी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जिथे नांगर टाकत, त्या ब्लॅकवॉलपासून जवळ होती, आणि कप्तानांना तो वर्ष-दीड वर्षाची उधारी देत असे.

१८२० च्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंट गावच्या ऑलसॉप आणि बास या ब्रूअऱ्यांनी हा धंदा हॉजसनच्या घराण्याकडून खेचून घेतला. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्यातल्या सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ, कोरडा उतरतो. छापील मजकुरात ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव पहिल्यांदा सापडते ते १८२९ साली, आणि तेही सिडनीच्या एका वृत्तपत्रातल्या जाहिरातीत. म्हणजे बिअर आधीपासून होती, बारसे नंतर झाले, आणि तेसुद्धा तिसऱ्याच देशात.

पुढे शंभर-दीडशे वर्षांत आयपीए इंग्लंडमध्येच पातळ आणि निस्तेज होत गेली. तिला पुन्हा उभे केले अमेरिकेने. १९७२ मध्ये ‘कॅस्केड’ या हॉप्सच्या नव्या जातीची लागवड शेतकऱ्यांसाठी खुली झाली. संत्र्या-पपनसाच्या सालीसारखा तिचा वास. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रूअरीने १९७५ मध्ये ‘लिबर्टी एल’ काढली, ती याच कॅस्केडच्या जोरावर. तिथून निघाली ती वेस्ट कोस्ट आयपीए: पारदर्शक, कोरडी, कडक. मग देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हरमाँट राज्यातल्या वॉटरबरी गावी, ‘द अल्केमिस्ट’ या ब्रूअरीची ‘हेडी टॉपर’ आली. ती गढूळ, मऊ आणि फळांच्या वासाने ओसंडणारी. या ‘हेझी’ प्रकाराला अमेरिकन ब्रूअर्स असोसिएशनने २०१८ मध्ये आपल्या नियमावलीत स्वतंत्र जागा दिली. आज पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत ‘आयपीए’ मागितली, तर या दोघींपैकी कोणती समोर येईल याचा नेम नाही. म्हणून चव घेण्याआधी, आपण कोणती पितो आहोत हे विचारून घेतलेले बरे. गढूळपणा हेझीचा गुण आहे; वेस्ट कोस्टमध्ये तोच दोष धरला जातो.

आता हॉप्सकडे वळू. हॉप्स म्हणजे एका वेलीची पापुद्र्यापापुद्र्यांची हिरवी बोंडे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ही वेल भांगेच्याच कुळातली. बोंड उलगडले की आत पिवळी, चिकट भुकटी दिसते. ब्रूअर पैसे मोजतो ते या भुकटीसाठी. तिच्यात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे अल्फा आम्ले. ती तासभर उकळली की त्यांची रचना बदलते आणि बिअरला कडूपणा येतो. दुसरी म्हणजे सुगंधी तेले; ती उकळताना वाफेबरोबर निघून जातात. एकाच बोंडातून दोन्ही हवे असतील, तर थोडे हॉप्स उकळीच्या सुरुवातीला आणि बरेचसे अगदी शेवटी घालावे लागतात. त्याहून भारी युक्ती म्हणजे ड्राय हॉपिंग: आंबवण होत आल्यावर किंवा संपल्यावर, गार झालेल्या बिअरमध्येच हॉप्स भिजत ठेवायचे. आजच्या आयपीएचा बहुतेक दरवळ इथून येतो.

या तेलांत काही गंधकयुक्त रेणू असतात, त्यांना थायॉल म्हणतात. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढी मात्राही नाकाला पुरते. पेरूला आणि पॅशनफ्रूटला त्यांचा वास देणारा एक थायॉल काही हॉप्समध्येही असतो, त्यामुळे ‘बिअरमध्ये पेरू घातलाय का?’ हा प्रश्न अजिबात वेडगळ नाही. असाच आणखी एक थायॉल कमी असला तर ब्लॅककरंटसारखा वाटतो, आणि जास्त झाला की मांजराने कोपऱ्यात केलेल्या उद्योगाची आठवण करून देतो. परीक्षकांच्या कागदांवर हे वर्णन गंभीरपणे लिहिले जाते.

परीक्षक म्हणजे कोण? बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम, म्हणजे बीजेसीपी, ही १९८५ मध्ये सुरू झालेली अमेरिकन संस्था घरी आणि धंद्यात बनवलेल्या बिअरचे परीक्षक तयार करते. त्यांची गुणपत्रिका ५० गुणांची. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या अंगाला ५ आणि एकूण प्रभावाला १०. ही वाटणी नीट पाहावी. इन्स्टाग्रामवर ज्या सोनेरी रंगाचे आणि फेसाचे फोटो पडतात, त्यांना पन्नासांत तीन गुण! आणि चवीचे जे वीस आहेत, त्यांतलाही मोठा वाटा खरे तर नाकाचाच. घोट गिळल्यावर वास घशामागून नाकात चढतो आणि तोच आपल्याला ‘चव’ वाटतो. सर्दी झालेल्या परीक्षकाने घरी बसावे, हे उत्तम.

रूप मात्र अगदीच दुर्लक्षू नये. ग्लास तेलकट असेल किंवा साबणाचा अंश राहिला असेल, तर फेस टिकत नाही आणि बुडबुडे काचेला चिकटून बसतात. तेव्हा दोष बिअरचा नसून भांडी घासणाऱ्याचा असतो. स्वच्छ ग्लासात चांगली आयपीए प्रत्येक घोटागणिक काचेवर फेसाची जाळी सोडत खाली जाते.

आपल्याकडची खरी अडचण ‘एकदम चिल्ड’ या हट्टाची आहे. बर्फाळलेल्या ग्लासात ओतलेल्या आयपीएचा वास बाहेरच येत नाही. उरतो तो नुसता कडूपणा, आणि मग ‘कडू आहे बुवा’ म्हणून ग्लास बाजूला सरकतो. साधारण ७ ते १२ अंश सेल्सिअस हे तिचे योग्य तापमान. फ्रीजमधून काढून दहा-एक मिनिटे थांबले तरी काम होते. ग्लास अर्धा भरायचा, म्हणजे वर वास साठायला जागा राहते. ओतल्या ओतल्या नाक लावायचे. पहिले काही हुंगणे सगळ्यांत महत्त्वाचे, कारण नाक फार लवकर सरावते. काय आठवले ते आपल्याच शब्दांत लिहून ठेवायचे. परदेशी यादीतला ‘ग्रेपफ्रूट’ कधी खाल्लाच नसेल, तर ‘पपनस’ लिहावे. राळ, ओले गवत, हापूसची साल, लिंबाचे पान, काहीही चालेल. अचूकतेपेक्षा प्रामाणिकपणा जास्त उपयोगी पडतो.

मग घोट. तो तोंडभर फिरवून गिळायचा. थुंकायचा नाही, कारण बिअरचा कडूपणा गिळल्यानंतर पूर्ण उमगतो. इथे आयबीयू नावाच्या आकड्याने पुष्कळांची दिशाभूल होते. एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे एक मिलिग्रॅम कडू द्रव्य. नेहमीच्या लागरमध्ये हा आकडा १० ते २० च्या आसपास असतो. बीजेसीपीच्या व्याख्येत अमेरिकन आयपीएचा ४० ते ७०, आणि मद्यांश ५.५ ते ७.५ टक्के. पण जिभेला आकडा कळत नाही, तोल कळतो. माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या सातूचा गोडवा जास्त असेल, तर ६५ आयबीयूसुद्धा सौम्य लागतात. बिअर कोरडी असेल तर ४५ सुद्धा चावतात. परीक्षक विचारतो ते वेगळेच: कडूपणा स्वच्छ आहे का? घोटानंतर काही सेकंदांत तो विरतो, की जिभेच्या मागे खरखरीत तुरट थर ठेवून जातो? कच्च्या सुपारीसारखा तो थर राहिला, तर बहुधा हॉप्स फार काळ भिजले किंवा पाण्याचे गणित चुकले.

चखण्याचाही विचार हवा. मसाला पापड आणि तिखट शेंगदाणे यांच्याबरोबर आयपीए प्यावी, मजाच येते. फक्त गुण द्यायला बसू नये. तिखटाने, कडूपणाने आणि बुडबुड्यांनी एकमेकांची धार वाढते. परीक्षेच्या टेबलावर साधा पाव आणि पाणी, एवढेच असते.

दोषांची यादी लांब आहे, पण आयपीएच्या गिऱ्हाइकाला तीन ओळखता आले तरी पुष्कळ. पहिला, लोण्याचा किंवा थिएटरमधल्या पॉपकॉर्नचा वास. तो डायअसिटिलचा. यीस्टला काम पुरे करू दिले नाही, की तो मागे राहतो. दुसरा, उन्हात राहिलेल्या बाटलीचा उग्र, जळक्या रबरासारखा वास. प्रकाशाने हॉप्सची कडू द्रव्ये मोडतात आणि गंधकाचा एक दुर्गंधी रेणू तयार होतो. स्कंक नावाचा अमेरिकन प्राणी जे फवारतो, त्याचा तो जवळचा नातलग. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारसा नाही, पारदर्शक मुळीच नाही. कॅनमध्ये हा प्रश्नच उरत नाही.

तिसरा दोष सगळ्यांत लबाड, कारण तो दुर्गंधी म्हणून समोर येत नाही. ऑक्सिजन लागला की हॉप्सचा सुगंध हळूहळू विझतो. त्याच्या जागी मधासारखा जड गोडवा आणि पुढे ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. हेझी आयपीए तर रंगानेही सांगते: पिवळीधमक होती, ती मळकट तपकिरी होते. उष्णता हे सगळे वेगाने घडवते. धंद्यात एक ठोकताळा चालतो: ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस आणि फ्रीजच्या ३-४ अंशांत ३०० दिवस, या तिन्हींत बिअर सारखीच म्हातारी होते. मे महिन्यात बंद ट्रकमधून नागपूरला पोहोचलेल्या कॅनचे वय त्यावरच्या तारखेपेक्षा कितीतरी जास्त असणार, हे यावरून समजावे.

गोव्यातून गेल्या काही वर्षांत ‘एट फिंगर एडी’ आणि ‘बीच शॅक’ यांसारख्या आयपीए कॅनबंद होऊन दुकानांत आल्या. पुण्यात ‘डूलाली’ने २००९ मध्ये मायक्रोब्रुअरी सुरू केली (हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचेच इंग्रजी सैनिकांच्या तोंडी झालेले रूप), आणि त्यानंतर शहरात टँकमधून थेट ग्लासात येणारी बिअर मिळू लागली. हॉप्स मात्र बहुतेक आयातच. हिमाचलातल्या लाहौलमध्ये त्यांची शेती होते, पण आयपीएला लागणाऱ्या सुगंधी जाती मुख्यतः अमेरिकेतून येतात. म्हणजे प्रवासच बदलला. पूर्वी बिअर समुद्र ओलांडायची. आता कच्चा माल समुद्र ओलांडतो आणि बिअर घराजवळ तयार होते. चवीच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचा आहे. एकाच दर्जाची आयपीए कॅनमधली आणि नळावरची निवडायची वेळ आली, तर नळावरची घ्यावी, असे इथे निःशंक सांगता येते.

दुकानात कॅन उचललाच, तर उत्पादनाची तारीख पाहा. लेबलवर सहा महिन्यांची मुदत असली, तरी हॉप्सचा बहर तीन महिन्यांपलीकडे क्वचितच टिकतो. कॅन उघड्या फळीवर होता की फ्रीजमध्ये, हेही पाहा. मायक्रोब्रुअरीत गेलात, तर वेटरला ही बॅच कधीची ते विचारा. चांगल्या ठिकाणी उत्तर लगेच मिळते. पूर्ण ग्लास मागवण्याआधी दोन छोटे सॅम्पल मागा, एक वेस्ट कोस्ट आणि एक हेझी. बहुतेक जागी ते आनंदाने देतात. मेन्यूकार्ड उलटे ठेवा, दोन्ही हुंगा, आठवेल ते फळ, पान, झाड कागदावर लिहा, आणि मगच ब्रूअरने काय लिहिले आहे ते वाचा. महाराष्ट्रात बिअरसाठी कायद्याने वयाची अट आहे, आणि सात टक्क्यांची आयपीए लागरच्या वेगाने प्यायची नसते. घरी परतताना गाडी दुसऱ्याला चालवू द्या.