अवेळी येणाऱ्या वेणा आणि प्राणवायूचा दाह

उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग यांच्या मध्ये पसरलेल्या तापीच्या खोऱ्यात वैशाख सुरू झाला, की जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, धुळ्याकडच्या माळावर दुपारी चिटपाखरू दिसत नाही, आणि अशा दिवसांतही आठव्या महिन्यातील कितीतरी स्त्रिया पऱ्हाट्या घातलेल्या चुलीपुढे बसून घरादारासाठी दादरच्या भाकऱ्या भाजत असतात. ऊन, धूर, पाण्याची ददात आणि अंगात मुरलेला पंडुरोग (रक्तक्षय) या चार बाबी आपण चार वेगवेगळ्या तक्रारी म्हणून मोजत आलो. परंतु गर्भवतीच्या शरीरात त्या चारही एकाच ठिकाणी रुजू होतात, आणि ते ठिकाण म्हणजे पेशीच्या आत प्राणवायूच्या ज्वलनातून उद्भवणारा दाह, ज्याला आजचे वैद्यकशास्त्र ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणते. या दाहाचा गर्भाशयाच्या स्नायूवर, म्हणजे पर्यायाने वेणांवर, काय परिणाम होतो, हा विषय खानदेशातील प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावा अशा योग्यतेचा आहे.

एरवी ६०-७० ग्रॅम वजनाचे गर्भाशय दिवस भरेपर्यंत सुमारे एक किलोपर्यंत वाढते, आणि एवढा बलाढ्य स्नायू असूनही त्याने नऊ महिने जवळजवळ निश्चल राहावे व नेमक्या दिवशी, नेमक्या क्रमाने आकुंचन पावावे, अशी निसर्गाची तजवीज आहे. ही निश्चलता मुख्यतः प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या अंमलामुळे टिकते. दिवस भरत आले, की तो अंमल ढिला पडतो. स्नायुपेशींवर ऑक्सिटोसिन स्वीकारणारी केंद्रे वाढतात. शेजारच्या पेशींना जोडणारी सूक्ष्म द्वारे उघडतात, आणि त्यामुळे एका टोकाला निघालेली विद्युत्संवेदना सबंध गर्भाशयभर पसरू शकते. प्रत्येक कळेच्या वेळी पेशीत कॅल्शियम शिरते, त्याच्या प्रेरणेने मायोसिनचे तंतू आवळतात. कॅल्शियम बाहेर काढले गेले, की स्नायू सैलावतो. १९०६ साली हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाने मस्तकातील पियुषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते असे नोंदवले. त्या अर्कातील ऑक्सिटोसिन पुढे १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी प्रयोगशाळेत घडवले. आज सरकारी दवाखान्यात प्रसूतीनंतर रक्तस्राव आवरण्यासाठी टोचतात ते इंजेक्शन हेच.

आता प्राणवायूकडे वळू. श्वासातून आत गेलेल्या प्राणवायूचा बहुतांश भाग ऊर्जेच्या कामी खर्ची पडतो, पण थोडा अंश सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशा अतिक्रियाशील रूपांत निसटतो. हे कण सर्वस्वी शत्रू नव्हेत; माफक प्रमाणात ते पेशींमधील निरोपेही असतात. त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी शरीराने विकरांची नेमणूक केलेली असते, आणि त्या विकरांना जस्त, तांबे, लोह, सेलेनियम या मूलद्रव्यांची गरज लागते. गर्भारपणात वारेची चयापचयक्रिया जोरात असल्यामुळे असे कण नेहमीपेक्षा अधिक निर्माण होतात. बंदोबस्त पुरा पडला तर काही बिघडत नाही. तो तोकडा पडला, की पेशींच्या स्निग्ध आवरणांची मोडतोड सुरू होते.

ही मोडतोड वेणांना दोन परस्परविरुद्ध दिशांनी बाधते, आणि या विषयाचे मर्म मला तेथेच दिसते. पहिली दिशा अवेळी आरंभाची. दाहाच्या प्रेरणेने पेशींमध्ये सूज निर्माण करणारी यंत्रणा जागी होते, प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ लागतात, आणि प्रोजेस्टेरॉनने आवरून धरलेला स्नायू दिवस भरण्यापूर्वीच चाळवतो. अमेरिकेत संशोधन करणारे रामकुमार मेनन यांनी दाखवले आहे, की ऑक्सिडेटिव्ह ताणाने पाणमोटेच्या पडद्यातील पेशी अकाली वृद्ध होतात आणि त्या वृद्ध पेशींतून निघणारी द्रव्ये प्रसूतीची हाक देतात. दिवस भरल्यावर ही हाक रास्तच, पण सातव्या महिन्यात ती घातक. आपल्याकडे पुण्याच्या भारती विद्यापीठात साधना जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांत बाळंत झालेल्या स्त्रियांच्या रक्ताची तुलना पूर्ण दिवसांच्या बाळंतिणींशी केली, तेव्हा स्निग्ध पदार्थांच्या ऑक्सिडीकरणाची खूण असलेले मॅलॉनडायअल्डिहाइड पहिल्या गटात अधिक आढळले.

दुसरी दिशा कळा मंदावण्याची. कळ येते तेव्हा आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो, त्याचा प्राणवायू तुटतो, आणि कळ ओसरली की रक्त पुन्हा वाहू लागते. विहिरीवरची मोट ओढून झाल्यावर बैलांनी मागे सरावे, सोल सैल व्हावा आणि मोट पुन्हा भरावी, तसाच हा क्रम. लिव्हरपूलच्या सुसान रे आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले, की प्राणवायूचे असे क्षणिक तुटणे पुढच्या कळेला उलट बळच देते. परंतु विसाव्याला अवसर न मिळता ते लांबत गेले, तर स्नायूत आम्लता साचते, आणि रखडलेल्या प्रसूतीत ती साचलेली आढळते, हे त्याच शहरातील २००४ च्या अभ्यासाने पुढे आणले होते. २००५ मध्ये ब्रिटनमध्येच गर्भवतींच्या गर्भाशयाच्या स्नायूचे तुकडे हायड्रोजन पेरॉक्साइड व सुपरऑक्साइड यांच्या संपर्कात ठेवले असता त्यांचे आकुंचन क्षीण झाले. म्हणजे सातव्या महिन्यात वेणा लवकर आणणारा दाह प्रसूतीच्या ऐन घटकेस त्यांचे बळ हिरावून घेऊ शकतो. प्रसूतीनंतर गर्भाशय आवळले नाही, तर होणारा रक्तस्राव बाळंतिणीच्या प्राणावर बेततो.

खानदेशात हा ताण वाढवणाऱ्या कारणांची मोजदाद कठीण नाही. कडक उन्हात रक्त त्वचेकडे धावते, वारेचा पुरवठा आखडतो, अंगातील पाणी घटते. सत्तावीस देशांतील ७० अभ्यासांचा २०२० साली घेतलेला आढावा सांगतो, की उष्णतेच्या लाटेत अकाली प्रसूतीची शक्यता सुमारे १६ टक्क्यांनी वाढते. चुलीच्या धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसांतून हाच दाह पसरवतात. पंडुरोगाची गोष्ट तर सर्वत्रच आहे. देशातील निम्म्याहून अधिक गर्भवतींना तो आहे. त्यात चोपडा, यावल, शिरपूर, साक्री या तालुक्यांतील भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचा वारसा आढळतो, आणि त्या रोगात फुटणाऱ्या तांबड्या पेशींतून मोकळे होणारे लोहयुक्त द्रव्य स्वतःच दाह चेतवते. म्हणून या तालुक्यांत सिकलसेलची तपासणी पहिल्या भेटीतच व्हावी, आणि रोग असलेल्या स्त्रीला लोहाच्या गोळ्या किती द्यायच्या हे डॉक्टरनेच ठरवावे. इतर गर्भवतींनी १८० दिवसांच्या लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांत हयगय करू नये.

मग दाह शमवणारी जीवनसत्त्वे बाटलीतून का देऊ नयेत? हा विचार जगभरच्या तज्ज्ञांना सुचला आणि त्यांनी तो प्रामाणिकपणे पारखला. ब्रिटनमध्ये २००६ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या विद्यमाने भारत, पेरू, दक्षिण आफ्रिका व व्हिएतनाम येथे २००९ साली क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा देऊन पाहिल्या गेल्या. ज्यासाठी हे प्रयोग होते तो गर्भविषार, म्हणजे गर्भारपणातील धोक्याचा वाढलेला रक्तदाब, टळला नाही, आणि ब्रिटनमध्ये तर कमी वजनाची मुले अधिक जन्मली. निरोपे असलेले कण सरसकट पुसून टाकणे हा इलाज नव्हेच. तेव्हा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या महागड्या ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्यांवर मजुराच्या घरचा पैसा खर्च होताना पाहून मला मनापासून वाईट वाटते. त्या पैशात शेवग्याचा पाला, तांदुळजा, आवळा, मूग, शेंगदाणे आणि अंडी येतात. आदिवासी पट्ट्यात २०१५ पासून चालू असलेल्या अमृत आहार योजनेचे गरम जेवण हाच या ताणावरचा सरकारी उतारा आहे, आणि तो वेळेवर, पोटभर व चांगल्या प्रतीचा मिळतो की नाही हे गावाने पाहिले पाहिजे.

घरच्या मंडळींना माझे सांगणे स्पष्ट आहे. चैत्र-वैशाखात गर्भवतीला दुपारी शेतात पाठवू नका, पाणी भरण्याचे व चुलीपुढचे काम दुसऱ्याने उचला, लघवीची जळजळ किंवा पांढरे जाणे या तक्रारी झाकून ठेवू न देता उपचार करा, कारण जंतुसंसर्ग हे अवेळी वेणांचे एक मोठे कारण आहे. सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी दर दहा मिनिटांनी पोट कडक होऊ लागले, कंबर धरली किंवा पाणी गेले, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर गाडी बोलवा आणि जवळच्या दवाखान्यात पोहोचा. तेथून गरजेनुसार जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात धाडतील. कॅल्शियमची वाट अडवणाऱ्या निफेडिपिनने कळा काही काळ थोपवता येतात, आणि तेवढ्या अवधीत चोविसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यांतील गर्भवतीला डेक्सामेथासोनची इंजेक्शने मिळाली, तर बाळाची फुप्फुसे जन्मापूर्वी श्वासासाठी सिद्ध होतात.