बेट करणारे लहान पाम

सोलापूर जिल्ह्यांतील पुष्कळ बागाईतदार परगांवाहून शोभेचे पाम आणून मोठ्या हौसेनें दारांत लावितात. परंतु पहिल्याच उन्हाळ्यांत ते करपून जातात आणि दोष हवेला दिला जातो. आमच्या मतें हवेइतकाच दोष जागेचा, मातीचा व पाण्याचा आहे.

नारळ किंवा ओढ्याकांठची शिंदी यांस एकच खोड व त्याच्या शेंड्यास एकच कोंब असतो. तो मेला कीं झाड संपलें. कांहीं लहान पाम मात्र केळीप्रमाणें बुडाशीं फुटवे काढून बेट करितात. एक खोड गेलें तरी बेट जगतें. मादागास्करचा पिवळसर देठांचा अरेका, दक्षिण चीनमधील पंख्यासारख्या पानांचा ऱ्हापिस आणि मेक्सिको व मध्य अमेरिकेंतील बांबू पाम हे या प्रकारचे होत. घरांतील मंद उजेडांत शेवटचे दोन चांगले टिकतात. अरेक्यास उजेड अधिक लागतो.

हे तिन्ही दमट हवेचे रहिवासी. आपल्याकडे मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो व कोरडा वारा सुटतो. म्हणून त्यांची जागा उघड्या अंगणांत नसून पूर्वेकडील पडवींत किंवा आंब्याच्या सावलींत होय.

काळी माती शेतांत सोनें, पण कुंडींत घातक. ती ओली असतां मुळांस हवा मिळत नाहीं आणि सुकली म्हणजे भेगा पडून मुळें तुटतात. तांबडी माती, जाडी वाळू व कुजलेलें शेणखत समभाग घ्यावें आणि कुंडीच्या छिद्रावर खापरी ठेवावी. वरची इंचभर माती सुकल्यावांचून पाणी देऊं नये. विहिरीचें खारवट पाणी पानांचीं टोकें जाळतें. पावसाळ्यांत पागोळ्यांचें पाणी सांठवून तें द्यावें.

कुंडी मुळांनीं भरली म्हणजे मृगाच्या पावसानंतर बेट फोडावें. प्रत्येक भागांत तीन-चार खोडें व त्यांचीं स्वतःचीं मुळें असावींत. तो पूर्वीपेक्षां खोल लावूं नये व महिनाभर दाट सावलींत ठेवावा. एकाच कुंडीपासून अशा रीतीनें घरचीच रोपें होतात आणि दरसाल नवीं विकत घेण्याचा खर्च वांचतो. ज्यांनीं हा प्रयोग केला असेल त्यांनीं आपला अनुभव आम्हांस अवश्य कळवावा.